बीए इंग्लिशला स्कोप आहे का? करमाळ्याकडच्या एका वडिलांना जरा लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावी आर्ट्सला ७४ टक्के मिळवून पास झाली, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून, गाव करमाळा तालुक्यात. आता बीएला इंग्लिश मेजर, म्हणजे मुख्य विषय, घ्यायचं म्हणते. घरातले म्हणतात डीएड कर नाहीतर स्पर्धा परीक्षेला सोपा पडेल असा विषय घे. वडील विचारतायत, इंग्लिशला स्कोप आहे का, मराठी मिडियमच्या पोरीला झेपेल का, आणि शेवटी फिरून फिरून मास्तरकीच करायची असेल तर सरळ डीएडच का नको.

दादा, मी पुण्यात इंग्लिशमध्ये एमए केलं, सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झाले, काही वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं आणि नंतर सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटिंगला आले ती आजपर्यंत तिथेच आहे. आता आमच्याकडे नवीन पोरं घ्यायची असली की इंटरव्ह्यू मीच घेते. म्हणजे वर्ग पण बघितलाय आणि बाजार पण. खाली जे लिहिलंय ते दोन्हीकडचं आहे, कुठल्या क्लासचा किंवा कॉलेजचा प्रचार नाही.

आधी मुद्द्याचं सांगते. इंग्लिशची डिग्री एकटी फार लांब नेत नाही. तिच्या जोडीला काय आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. जोडीला कायदा असेल, जर्मन-जपानी असेल, कॉम्प्युटरची समज असेल किंवा, हे बहुतेकांना पटत नाही पण, पक्कं मराठी असेल, तर ही डिग्री चांगली चालते. जोडीला फक्त गाइड आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पाठांतर असेल तर एमए होऊनही माणूस रजेचा अर्ज धड लिहू शकत नाही, अशी उदाहरणं मी ढिगानं बघितलीयत आणि त्यात पोरांचा दोष थोडाच, पेपरच तसे निघतात की पाठ केलेलं सारांश-उत्तर उतरवलं की साठ टक्के ठरलेले.

आता एक गैरसमज काढून टाका. "इंग्लिश सुधारेल म्हणून इंग्लिश घेते" असं पोरगी म्हणत असेल तर तिला थांबवा. बोलायचं-लिहायचं इंग्लिश सुधारायला मेजर घ्यायची गरज नाही, ते कॉमर्सच्या पोरीला पण जमतं. मेजरमध्ये असतं साहित्य, भाषाशास्त्र आणि समीक्षा. नाटक, कविता, कादंबरी, मग उच्चारशास्त्र, म्हणजे आवाज तोंडात कुठे तयार होतो, शब्दावर आघात कुठे येतो, ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे उच्चार खुणांनी लिहून काढणं, कसं करायचं, मग ॲरिस्टॉटलपासून टी. एस. एलियटपर्यंतचे समीक्षक, भारतीयांनी इंग्लिशमध्ये लिहिलेलं साहित्य, आणि पुढे पुढे विसाव्या शतकातल्या थिअऱ्या. हे सगळं वाचायचा कंटाळा असेल तर तीन वर्षं शिक्षा वाटेल.

आणि हे वाचून काय मिळतं, असं तुम्ही विचारणारच. एक छोटं उदाहरण देते. शेक्सपिअरचं १८ नंबरचं सॉनेट जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात कधी ना कधी असतं. चौदा ओळी. कवी प्रियव्यक्तीला म्हणतो तुझी तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करू का (तिकडचा उन्हाळा म्हणजे छान हवा, आपला एप्रिल-मे नव्हे, हे पोरांना पहिलं सांगावं लागतं नाहीतर सोलापूरकडच्या वर्गात हशा पिकतो), आणि मग आठव्या ओळीपर्यंत त्या उन्हाळ्याची उणीदुणीच काढत बसतो, की वारा फार, कधी ऊन जास्त, कधी सूर्य झाकोळलेला, आणि मुळात टिकतो किती. नवव्या ओळीच्या अगदी सुरुवातीला "बट" येतो आणि सगळी कविता तिथे वळते. तुझं तसं नाही, तू टिकशील. कशामुळे टिकशील, तर शेवटच्या दोन ओळीत कळतं, या कवितेमुळे. म्हणजे कौतुक प्रियव्यक्तीचं चाललंय असं वाटत असताना कवी हळूच स्वतःच्या लेखणीची पण वट सांगून गेला. गाइडमध्ये याचं उत्तर "कवितेचा विषय अमर प्रेम आहे" असं एका ओळीत मिळतं. पण जी पोरगी गाइड न उघडता तो "बट" स्वतः शोधते, आधी आठ ओळी तुलना का केली आणि मग ती का मोडली असं विचारते, ती पुढे करारनामा वाचताना "तथापि" कुठे आलाय ते पण शोधते, आणि बँकेच्या कर्जाच्या कागदात बारीक अक्षरात काय फिरवलंय ते पण. मी कंपनीत पैसे याच कामाचे घेते, फक्त कवितेच्या जागी सॉफ्टवेअरचे कागद असतात.

झेपेल का, हा दुसरा प्रश्न. झेपतं. पहिलं वर्ष मात्र त्रासाचं जातं, ते आधीच सांगून ठेवते म्हणजे दिवाळीत घरी आल्यावर रडली तर तुम्ही घाबरायला नको. शहरातली इंग्लिश मिडियमची पोरं वर्गात पटापट बोलतात, आपलं पोरगं गप्प बसतं आणि त्याला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. माझ्या अनुभवात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हे चित्र बऱ्यापैकी बदलतं, कारण बोलण्याची सवय असणं वेगळं आणि वाचून समजणं, मुद्देसूद लिहिणं वेगळं. व्याकरण तर मराठी मिडियमच्या पोरांचं बरेचदा जास्त पक्कं असतं, शाळेत घोटून घेतलेलं असतं ना. अडतं ते तीन ठिकाणी, आर्टिकल, प्रिपोझिशन आणि लांब वाक्य. आर्टिकल आपल्या भाषेत नाहीतच त्यामुळे ते कानाने शिकावं लागतं, नियम पाठ करून येत नाहीत.

उपाय काय तर रोज एक पान इंग्लिशमध्ये लिहायचं आणि आठवड्यातून एकदा ते कुणाकडून तरी तपासून घ्यायचं. बास. कसलाही स्पोकन इंग्लिशचा पंधरा-वीस हजारांचा क्लास लावू नका, तेच पैसे चांगल्या डिक्शनरीला आणि पुस्तकांना लावा. आणि मराठीतून समजावून सांगणारे सर मिळाले तर सुरुवातीला चांगलंच, पण तिसऱ्या वर्षीपण सर मराठीतूनच गोष्ट सांगत असतील आणि पोरं वहीत मराठीतूनच उतरवत असतील तर तिथे काही खरं नाही.

आता मास्तरकी. हा रस्ता सगळ्यांना माहिती आहे असं वाटतं आणि खरी गोची इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाळेत शिकवायचं असेल तर बीए नंतर सीईटी देऊन दोन वर्षांचं बीएड. सहावी ते आठवीला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो. मग शिक्षक भरतीसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० मार्कांची, आणि तिच्या मार्कांवर पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाइटवर पसंतीक्रम. ही टेट दरवर्षी होत नाही. २०१७ ला झाली, मग एकदम २०२३ ला, मग २०२५ ला. मधली वर्षं पोरांनी वाट बघण्यात घालवली. अकरावी-बारावीला शिकवायला एमए आणि बीएड दोन्ही पाहिजे. तुम्ही डीएडचं म्हणताय, तर डीएडवर प्राथमिकला जाता येतं, पण तिथे पण टीईटी-टेट-पवित्र हीच लाइन आहे, ती काही चुकत नाही. मग फरक काय, तर बीए इंग्लिश आणि बीएडवर सहावी ते दहावीचे वर्ग मिळतात, आणि इंग्लिशच्या शिक्षकाची गरज खाजगी आणि सीबीएसई शाळांना कायम असते. पगार शाळेशाळेवर, सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा असले प्रकार पण चालतात, त्यामुळे चौकशी करूनच.

सीनियर कॉलेजचं प्राध्यापक व्हायचं तर एमए आणि त्यावर नेट किंवा सेट. सेट आपल्या महाराष्ट्र-गोव्यापुरती, ती पुणे विद्यापीठ घेतं. नेट देशभर चालते, वर्षातून दोनदा होते, पहिला पेपर ५० प्रश्नांचा १०० मार्कांना, दुसरा १०० प्रश्नांचा २०० मार्कांना, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. बसणाऱ्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरवतात. इंग्लिशच्या सिलॅबसचे दहा युनिट आहेत, त्यात नाटक-कविता-कादंबरी तर आहेच पण भाषा, भारतातलं इंग्लिश, कल्चरल स्टडीज, थिअरी, संशोधन पद्धती असं सगळं आहे, म्हणजे फक्त गोष्टी पाठ असून भागत नाही. नेटमध्ये वरच्या मार्कांनी जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर मात्र सोनं. पीएचडी करताना पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप. गावाकडून आलेल्या हुशार पोरीला स्वतःच्या पायावर उभं राहून पुढे शिकायचा यापेक्षा सरळ मार्ग आर्ट्समध्ये मला तरी माहीत नाही.

पण नेट-सेट झाल्यावर काय होतं ते ऐका. कायम नोकरीत असिस्टंट प्रोफेसरचा सातव्या वेतन आयोगाचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, भत्ते वेगळे. ही एक बाजू. दुसरी बाजू, कायमच्या जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत आणि वर्ग चालवायचे म्हणून तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर माणसं घेतात. तास घेतला तर तासाचे पैसे, उन्हाळ्यात शून्य, दिवाळीच्या सुट्टीत शून्य, ऑर्डर दरवर्षी नवी, आणि बिल निघायला कधी कधी सत्र संपून जातं. मी ज्या कॉलेजात होते तिथे परीक्षेची सुपरव्हिजन, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, गॅदरिंगचं सूत्रसंचालन ही सगळी कामं सीएचबीच्याच गळ्यात, कारण आम्ही नाही म्हणू शकत नव्हतो. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणारे एक सर, पीएचडी झालेले, वयाच्या चाळिशीत, दुपारी दोनला कॉलेज सुटलं की भावाच्या खताच्या दुकानात बसायचे. विषय इतका सुंदर शिकवायचे की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत येऊन उभी राहायची. आणि कायमच्या जागेची जाहिरात निघालीच तर काही संस्थांमध्ये आधी आकडा सांगितला जातो, तो कुणी लिहून देत नाही पण जिल्ह्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो.

म्हणून माझं मत, सीएचबी करायचीच असेल तर घरात बसून आधीच मुदत ठरवा, दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा, आणि त्या काळात जोडीला दुसरं काहीतरी चालूच ठेवा. "पुढच्या वर्षी भरती आहे" ही बातमी दरवर्षी येते.

आता मास्तरकीच्या बाहेरचं.

माझं स्वतःचं क्षेत्र टेक्निकल रायटिंग. सॉफ्टवेअर असो नाहीतर मशीन, त्याच्याबरोबर माहितीपुस्तिका, हेल्प पेजेस, सूचना, नवीन व्हर्जनमध्ये काय बदललं त्याच्या नोट्स हे सगळं कुणीतरी लिहितं. पुणे, बंगळूर, हैदराबाद इथे हे काम भरपूर आहे. सुरुवातीचा पगार साधारण वर्षाला तीन ते पाच लाखांच्या मधे, पुढे अनुभवावर चांगला वाढतो. इथे इंजिनियर पण येतात आणि इंग्लिशवाले पण. आमच्या इंटरव्ह्यूत एक लेखी टेस्ट असते, तिचा नमुना सांगते म्हणजे कामाचा अंदाज येईल. इंजिनियरने घाईत लिहिलेली टीप देतो, काहीशी अशी: पासवर्ड तीनदा चुकला की अकाउंट लॉक होतं, ॲडमिनने अनलॉक करावं किंवा तीस मिनिटं थांबावं, मात्र पॉलिसी बदलली असल्यास वेळ वेगळा असू शकतो, लॉक झाल्यावर ईमेल जातो. आणि सांगतो, याचं हेल्प पेज लिहा.

बहुतेक जण तीच टीप चांगल्या इंग्लिशमध्ये उतरवतात, व्याकरण एकदम स्वच्छ, आणि नापास होतात. कारण "थांबावं" कुणी, ॲडमिनने की ज्याचं अकाउंट लॉक झालं त्याने? ईमेल कुणाला जातो? पॉलिसी कोण बदलतं, आणि लॉक झालेल्या माणसाला ती कुठे बघायला मिळणार, तो तर आतच जाऊ शकत नाही! जी उमेदवार पेन खाली ठेवून आधी हे प्रश्न विचारते, आणि मग दोन वेगळी पानं करते, एक अडकलेल्या माणसासाठी आणि एक ॲडमिनसाठी, तिला आम्ही घेतो. मागे एक लातूरकडची मुलगी आली होती, बोलताना अडखळत होती, उच्चार अगदी गावाकडचे, पण टेस्ट देताना तिने सात प्रश्न काढले, त्यातला एक आमच्या इंजिनियरला पण सुचला नव्हता. ती आज टीममध्ये आहे. उच्चारांचं टेन्शन घेणाऱ्या सगळ्या पोरींना मी तिची गोष्ट सांगत असते.

यासाठी बीए करताना जोडीला काय शिकायचं? मार्कडाऊन म्हणजे साध्या खुणांनी लिहायची पद्धत, ती एका दुपारी येते. गिट आणि गिटहब, म्हणजे फायलींमधले बदल नोंदवून ठेवायची साधनं, तोंडओळखीपुरतं. एचटीएमएल थोडं. डीटा ही माहितीपुस्तिका लिहायची ठरलेली पद्धत आणि मॅडकॅप फ्लेअरसारखी टूल्स नंतर कंपनीत पण शिकता येतात. आणि नमुना म्हणून स्वतःची चार-पाच पानं तयार पाहिजेत. घरच्या ठिबक सिंचनाच्या पंपाची सूचनापुस्तिका इंग्लिश आणि मराठी दोन्हीत लिहिली तरी चालेल, मी तर असलं काही बघितलं की त्या उमेदवाराला आधी बोलावते.

याच्याच शेजारची कामं म्हणजे ई-लर्निंगचे कोर्सेस लिहिणं, ॲपमधल्या बटणांवरचा आणि मेसेजचा मजकूर लिहिणं, परदेशी संशोधन जर्नल्ससाठी कॉपी-एडिटिंग. कॉपी-एडिटिंगला नजर बारीक लागते, कॉमा कुठे, संदर्भ कसा द्यायचा, स्टाइल गाइड कुठली. पैसे सुरुवातीला बेताचे पण घरून होतं.

एआयचं विचाराल तर खरं सांगते. शब्दाला चाळीस-पन्नास पैसे देऊन वेबसाइटसाठी लेख पाडून घ्यायचा जो धंदा होता तो बसला, त्यात जाऊ नका. आमच्याकडे पण पहिला ड्राफ्ट आता बरेचदा मशीन लिहितं. पण मशीन जे बटण सॉफ्टवेअरमध्ये नाहीच ते पण छातीठोकपणे लिहून मोकळं होतं, आणि ते पकडायला वाचणारा माणूस लागतो. म्हणजे काम लिहिण्याकडून वाचून तपासण्याकडे सरकलंय. नवशिक्यांच्या जागा कमी झाल्यात हे खरंय आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जी पोरं गाइड वाचून पास झालीयत त्यांचं काम मशीन आरामात करतं.

आता भाषांतराकडे येते, कारण तुम्ही सोलापूर जिल्ह्यातले आहात आणि हे तुमच्या दाराशी आलंय. हायकोर्टाचं कामकाज इंग्लिशमध्ये चालतं आणि खालच्या कोर्टातले जबाब, सातबारा, फेरफार, खरेदीखत, पंचनामे सगळे मराठीत. अपील वर गेलं की या कागदांचं इंग्लिश करावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालंय आणि त्यात कोल्हापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गबरोबर सोलापूर पण आहे. बांधाच्या भांडणातला चुलत्याचा जबाब जिला न विचारता कळतो आणि जी तो कोर्टात टिकेल अशा इंग्लिशमध्ये लिहू शकते, अशी माणसं फार नाहीत. पुण्या-मुंबईतल्या इंग्लिश मिडियमच्या पोरांना फेरफार म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागतं. सुप्रीम कोर्टाचे निकाल पण आता मराठीत येतात, मशीन भाषांतर करतं आणि मग माणसं तपासतात. वकील लोक खाजगीत पानामागे पैसे देऊन भाषांतर करून घेतात, आणि एकदा तुमचं काम स्वच्छ आहे हे कळलं की एकाकडून दुसऱ्याकडे नाव जातं.

सरकारी नोकरीच हवी असेल तर केंद्रात कर्मचारी निवड आयोगाची हिंदी अनुवादकांची परीक्षा असते. तिला इंग्लिशमध्ये एमए चालतं, पण डिग्रीला हिंदी विषय असला पाहिजे, शिवाय भाषांतराचा डिप्लोमा किंवा दोन वर्षांचा अनुभव. म्हणजे बीएला मायनर, म्हणजे दुय्यम विषय, निवडतानाच हिंदी घेतली तर हे दार उघडं राहतं आणि नाही घेतली तर एमए झाल्यावर कपाळाला हात. असल्या गोष्टी कॉलेजात कुणी सांगत नाही. बँकेतल्या राजभाषा अधिकाऱ्याच्या जाहिराती बघून मात्र गोंधळू नका, त्याला हिंदी किंवा संस्कृतमध्ये एमए लागतं, इंग्लिशचं चालत नाही.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल तर यूपीएससीला इंग्लिश साहित्य हा वैकल्पिक विषय आहे, २५०-२५० चे दोन पेपर, पण घेणारे थोडे आणि क्लासेस पण थोडे. मेजर इंग्लिश असलं म्हणून तोच घ्यावा असं काही नाही. खरा फायदा निबंधाच्या पेपरला होतो. आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता लेखी पद्धतीची झालीय, तिथे वेळेत मुद्देसूद लिहायचा हात असणं कामाला येईल. पण एक विनंती, पुण्यात अभ्यासिकेत सात-सात वर्षं बसलेली पोरं मी रोज बघते, ज्या पोरीला स्वतःला त्या परीक्षेची ओढ नाही तिला घरच्यांनी ढकलू नका.

कायद्याचं मात्र गंभीरपणे बघा. बीए नंतर तीन वर्षांचं एलएलबी, सीईटी देऊन. लॉ कॉलेजात पहिल्या वर्षी जे सगळ्यांना जड जातं, म्हणजे चाळीस पानी निकाल वाचून त्यात कोर्टाने नेमकं ठरवलं काय ते काढणं, ते इंग्लिशच्या मुलीला त्यातल्या त्यात सोपं जातं. आणि वर सांगितलेलं भाषांतर त्याला जोडलं तर तालुक्याच्या गावात राहूनपण चांगलं चालू शकतं.

पत्रकारिता करायची तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला आयआयएमसी या पत्रकारितेच्या सरकारी संस्थेचं केंद्र आहे. पगार कमी, दगदग जास्त, हौस असेल तरच. आणि परकीय भाषा जोडायची तर जर्मन किंवा जपानी. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, एन-५ या सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरुवात, पण कंपन्या खऱ्या अर्थाने विचारतात ते एन-३, एन-२ नंतर. म्हणजे हे काही सहा महिन्यांचं काम नाही, बीएच्या पहिल्या वर्षीच सुरू केलं तर एमए होईपर्यंत हाताशी येतं.

थोडं विषयांतर. घरचे म्हणत असतील की इंग्लिश घेतलं की पोरगी मराठीपासून तुटेल, तर आपल्याकडे उलटंच झालंय. विंदा करंदीकर मुंबईत इंग्लिशचे प्राध्यापक होते. जी. ए. कुलकर्णी कित्येक वर्षं धारवाडला इंग्लिश शिकवत राहिले आणि कथा लिहिल्या मराठीत. भालचंद्र नेमाडे पण इंग्लिशचेच, गोवा विद्यापीठात त्या विभागाचे प्रमुख होते. यातल्या दोघांना ज्ञानपीठ मिळालं, आणि ते मराठी लेखनासाठी. त्यामुळे पोरीला मराठी वाचन बंद करू देऊ नका, उलट वाढवायला सांगा, पैशाच्या हिशोबाने बघितलं तरी तिचं भांडवल तेच आहे.

पुढे एमए कुठे करायचं हा आत्ताचा प्रश्न नाही, पण कानावर असू द्या. हैदराबादला इंग्लिश आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठच आहे, इफ्लू म्हणतात, १९५८ ला संस्था म्हणून सुरू झालेलं. हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू, दिल्ली विद्यापीठ हे पण आहेत. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फी खाजगी कॉलेजांच्या मानाने बरीच कमी, आणि तिथे दोन वर्षं राहून आलेली मुलगी वेगळीच होऊन येते. तेव्हा "एवढ्या लांब कशाला" म्हणू नका. आणि नवीन शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स डिग्री केली तर एमए एका वर्षात होतं, चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असतील तर थेट नेट पण देता येते, पण ते तिसऱ्या वर्षी ठरवा.

आत्ता ॲडमिशनचं बघायचंय, तर कॉलेजचं नाव आणि बिल्डिंग बघू नका. एखाद्या दिवशी पोरीला घेऊन स्वतः जा, प्राचार्यांना भेटण्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठा. त्यांना विचारा, इंग्लिशला कायमचे किती शिक्षक आहेत आणि सीएचबीवर किती (सीएचबीचे वाईट शिकवतात असं अजिबात नाही, पण ते दरवर्षी बदलतात). लिहून दिलेलं कुणी लाल पेनने तपासून परत देतं का? लायब्ररीत मुलांना कपाटापर्यंत जाऊ देतात, की खिडकीतून चिठ्ठी द्यायची? पीरियड खरंच होतात का? मग ऑफिसात जाऊन विचारा की इंग्लिश मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं ना, कारण काही ठिकाणी पहिल्या वर्षी फॉर्मवर सगळे विषय दाखवतात आणि पुढे विद्यार्थी कमी पडले की इतिहास नाहीतर राज्यशास्त्र घ्या म्हणून गळ घालतात. मायनरला हिंदी मिळते का तेही तिथेच विचारून घ्या. फॉर्म भरताना मेजर-मायनरचे रकाने पोरीला स्वतः भरू द्या, कॅफेवाला घाईत काहीही टाकतो आणि नंतर बदलायला विद्यापीठापर्यंत हेलपाटे पडतात.